जाड स्लॅब सेरिफ फॉन्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (अल्फा स्लॅब वनच्या निमित्ताने)

अल्फा स्लॅब वन हा फॉन्ट मी पाट्या, पोस्टर, टीशर्ट, कॉलेजच्या गॅदरिंगचे बॅनर अशा बऱ्याच कामांत वापरलाय, त्यामुळे त्याच्याबद्दल मेसेज येतच असतात. कुणी विचारतं हा कुठला फॉन्ट, कुणाचं वेबसाइटवर बिघडलेलं असतं, कुणाला त्याच्यासारखाच मराठी फॉन्ट हवा असतो. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवतोय. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. स्लॅब सेरिफ म्हणजे नक्की काय?

इंग्रजी अक्षराच्या दांडीच्या टोकाला जी छोटी आडवी पट्टी असते तिला सेरिफ म्हणतात. टाइम्स न्यू रोमनमध्ये ती टोकाकडे निमुळती होत जाते, एरियलमध्ये ती नसतेच. स्लॅब सेरिफमध्ये हीच पट्टी जाड आणि चौकोनी असते, दांडीच्या वर-खाली फरशीचा तुकडा बसवल्यासारखी. घराचा स्लॅब टाकतात तो शब्द आपल्याला माहीत आहेच, हाही तोच, सपाट आणि जड. कॅपिटल आय हे अक्षर बघा, साध्या फॉन्टमध्ये ती नुसती उभी रेघ असते, स्लॅबमध्ये त्याचा लोखंडी गर्डर होतो.

२. मग डिस्प्ले टाइपफेस म्हणजे काय? अख्खं माहितीपत्रक याच फॉन्टमध्ये केलं तर?

नका करू. डिस्प्ले म्हणजे मोठ्या साइजला, थोड्या शब्दांसाठी काढलेलं अक्षर. हेडिंग, पोस्टर, पाटी, पाकिटावरचं नाव एवढंच त्याचं काम. अल्फा स्लॅब वनमध्ये शाईचा भाग इतका आहे की दहा-बारा पॉइंटला परिच्छेद लावला तर पान काळं होतं, ओळी एकमेकींत मिसळतात आणि तिसऱ्या ओळीला वाचणारा कंटाळतो. मी स्वतः सात-आठ शब्दांच्या पुढे जात नाही. बाकीच्या मजकुराला साधा, हलका फॉन्ट घ्यायचा. जाड अक्षराचा जोर आजूबाजूचं सगळं शांत असेल तरच जाणवतो, सगळंच जाड केलं की काहीच उठून दिसत नाही. एक छोटा अपवाद आहे, तो १९ नंबरला लिहिलाय.

३. हा फॉन्ट नवा आहे की जुना? कुणी काढला?

दोन्ही. डिजिटल फॉन्ट जे. एम. सोले या डिझायनरचा आहे आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, पण त्याचं मूळ लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. रॉबर्ट थॉर्न नावाचा टाइप (छपाईचे धातूचे खिळे) ओतणारा होता, त्याची फाउंड्री फॅन स्ट्रीटवर. १८२० मध्ये तो वारला, फाउंड्री लिलावात निघाली आणि विल्यम थॉरोगुडने ती घेतली. या माणसाचा टाइपच्या धंद्याशी आधी संबंध नव्हता, लॉटरी लागली होती त्या पैशातून त्याने ती घेतली. आणि १८२१ च्या सुमारास त्याच फाउंड्रीच्या नमुन्यांत थॉर्नचं 'सिक्स लाइन्स पायका इजिप्शियन' दिसतं. अल्फा स्लॅब वन त्याच्यावर बेतलाय.

त्या नावाचा अर्थ पण मस्त आहे. पायका म्हणजे १२ पॉइंट, सहा ओळी पायका म्हणजे ७२ पॉइंट, म्हणजे जवळजवळ एक इंचाचा खिळा. नावातच साइज आहे. म्हणजे मुळातच हे अक्षर इंचभर उंचीला डोळ्यांसमोर ठेवून कापलेलं होतं, आज आपण ते फोनवर १४ पिक्सेलला लावून 'वाचता येत नाही' म्हणतो तेव्हा चूक अक्षराची नसते.

४. याला इजिप्शियन का म्हणतात? इजिप्तशी काय संबंध?

अक्षराच्या आकाराचा इजिप्तशी काही संबंध नाही. नेपोलियनने १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली, त्यानंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं, फर्निचर, दागिने, इमारती, जे जड आणि ठोकळेबाज दिसेल त्याला इजिप्शियन म्हणायची पद्धत पडली. टाइप ओतणाऱ्यांनी पण तेच नाव उचललं. घोळ असा की १८१६ च्या आसपास कॅस्लनच्या फाउंड्रीने इजिप्शियन नावाने जे छापलं ते बिनसेरिफचं होतं, आणि छापील नमुन्यांत सापडणारे पहिले जाड स्लॅब व्हिन्सेंट फिगिन्सचे, १८१५ ते १८१७ च्या दरम्यानचे, त्यांना त्याने नाव दिलं होतं अँटिक. म्हणजे एकाच मालाला दोन नावं आणि एका नावाचे दोन माल. पुढे इजिप्शियन हे नाव स्लॅबलाच चिकटलं. १९२९ नंतर जर्मनीत आणि अमेरिकेत स्लॅबची दुसरी लाट आली तेव्हाच्या फॉन्टची नावंसुद्धा मेम्फिस, कर्नाक, कैरो अशीच आहेत.

५. फॅट फेस, क्लॅरेंडन, रॉकवेल, अल्फा स्लॅब... मला सगळे सारखेच वाटतात. फरक कसा ओळखू?

टोकाची पट्टी आणि ती दांडीला जिथे मिळते तो कोपरा, एवढं बघा.

फॅट फेसमध्ये दांडी प्रचंड जाड पण सेरिफ केसासारखी बारीक. हे थॉर्नच्याच काळातलं, त्यालाच त्याचं श्रेय देतात. इजिप्शियन म्हणजे त्या बारीक सेरिफच्या जागी जाड पट्टी बसवली, कोपरा काटकोनात. क्लॅरेंडनमध्ये तो कोपरा आतून गोलाई देऊन भरलेला असतो, त्यामुळे अक्षर जरा मऊ वाटतं. क्लॅरेंडन १८४५ चा, रॉबर्ट बेस्लीच्या वेळचा आणि तोही याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीतला. त्याने तेव्हाच्या नव्या डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणी केली होती पण संरक्षण फक्त तीन वर्षांचं होतं, ते संपल्यावर सगळ्यांनी नकला केल्या. रॉकवेल मोनोटाइप कंपनीचा, १९३४ चा, तो कंपास-पट्टीने काढल्यासारखा: ओ जवळपास गोल, सगळ्या रेषा एकाच जाडीच्या. अल्फा स्लॅबमध्ये उभ्या दांड्या खूप जाड आणि आडव्या रेषा त्या मानाने बारीक, तो फरक लांबूनही दिसतो, म्हणून तो रॉकवेलपेक्षा जुन्या पोस्टरसारखा दिसतो.

टाइपरायटरचा कूरियर पण स्लॅबच आहे बरं का. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी द्यावी लागते, मग आय आणि एलसारख्या बारीक अक्षरांची रिकामी जागा पट्ट्यांनी भरून काढलीय.

६. हा 'वाँटेड' पोस्टरवाला काऊबॉय फॉन्टच आहे ना? मला तसा लूक नकोय.

त्याच घरातला आहे पण तोच नाही. लंडनचे हे जाड स्लॅब अमेरिकेत गेले आणि तिथे लाकडात उतरले. शिशाचे फार मोठे खिळे जड होतात, महाग पडतात, ओतताना नीट थंड होत नाहीत. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) लाकडी अक्षरं कापायला सुरुवात केली, १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला आणि एका नमुन्यावरून लहान-मोठी, अरुंद-रुंद कितीही अक्षरं काढता यायला लागली. मेपलच्या आडव्या कापाचं लाकूड वापरायचे, कारण त्या बाजूने ते कठीण आणि गुळगुळीत असतं. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावात हॅमिल्टनचा लाकडी टाइपचा कारखाना होता, आता तिथे म्युझियम आहे. सर्कस, नाटक, लिलाव, हरवले-सापडले सगळ्यांची पोस्टरं या लाकडी अक्षरांवर छापली गेली.

तुम्ही ज्याला काऊबॉय म्हणताय त्यात बहुतेक वेळा सेरिफ दांडीपेक्षाही जाड असते, म्हणजे जाड-बारीकचा हिशोबच उलटा केलेला असतो. अल्फा स्लॅबमध्ये तसं नाही. तो लूक फॉन्टपेक्षा पिवळा कागद, चॉकलेटी रंग आणि झिजलेल्या कडा यांच्यामुळेच जास्त येतो. पांढऱ्यावर गडद निळा किंवा लाल घ्या, कडा स्वच्छ ठेवा, कुणाला घोडा आठवणार नाही.

७. एवढा जाड असून अक्षरं बुजत कशी नाहीत?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण डिझायनरचं खरं काम इथेच आहे.

अक्षर जाड करणं म्हणजे रेघ फुगवणं नाही. साधं अक्षर घेऊन त्याला आउटलाइन लावून फुगवा आणि शेजारी अल्फा स्लॅब ठेवा, लगेच कळेल. स्मॉल ई घ्या: त्यात वरची कमान, मधली आडवी रेघ आणि खालचा वळसा, म्हणजे एकाच्या खाली एक अशा तीन आडव्या गोष्टी आणि त्यांच्यामध्ये दोन पोकळ्या. तिन्ही रेघा उभ्या दांडीइतक्या जाड केल्या तर पोकळ्यांना जागाच उरत नाही. मग काय करायचं, मधली रेघ निर्दयपणे बारीक करायची आणि जाडी सगळी डाव्या बाजूला ढकलायची. डोळा डावीकडची जाडी बघतो आणि अख्खं अक्षर जाड आहे असं धरून चालतो. स्मॉल ए, एस, कॅपिटल बी, आर आणि आकडा ८ यांच्यातही हीच कसरत. एस सगळ्यात वाईट, कारण त्याला उभी दांडीच नाही, जाडी सगळी मधल्या तिरक्या पाठीवर टाकावी लागते.

दुसरी कसरत सेरिफची. स्मॉल एमला तीन पाय, प्रत्येक पायाला दोन्ही बाजूंनी पट्टी, मग आतल्या पट्ट्या एकमेकींवर आदळतात. म्हणून आतल्या पट्ट्या आखूड ठेवतात, काही फॉन्टमध्ये काढूनच टाकतात. बाहेरच्या मात्र लांब. हे चुकलं की शब्दात एमच्या जागी काळा डाग दिसतो.

तिसरी गोष्ट पोकळीचा आकार. जाड अक्षरात आपण खरं तर पांढरी पोकळी वाचत असतो. ओमधली उभी फट, पीमधला छोटा डी, कॅपिटल ए या अक्षरातला त्रिकोण, या सगळ्या फटी साधारण एका वजनाच्या असल्या तर शब्द एकसंध दिसतो. फॉन्ट निवडताना मी तेवढंच बघतो, डोळे बारीक करून काळं विसरायचं आणि पांढरं बघायचं.

८. कुठे शोभतो आणि कुठे नाही?

जिथे एक-दोन शब्द ठामपणे सांगायचेत तिथे. खेळाच्या टीमचा टीशर्ट, स्पर्धेचं पोस्टर, मसाल्याच्या किंवा कॉफीच्या पाकिटावरचं नाव, हार्डवेअरचं दुकान, गॅरेज, ऑफरचा आकडा, यूट्यूबची थंबनेल. भरवसा आणि मजबुती दाखवायला स्लॅब पूर्वीपासून वापरतात. आयबीएमचा लोगो बघा, पॉल रँडने १९५६ मध्ये जॉर्ज ट्रंपच्या सिटी या १९३० च्या चौकोनी स्लॅबवरून तो काढला, पट्ट्यापट्ट्यांचा झाला १९७२ मध्ये. सोनी आणि व्होल्वो यांची नावंही स्लॅबमध्येच लिहिलेली असतात.

नाजूक कामाला नको. लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं या फॉन्टमध्ये आली होती एकदा माझ्याकडे, मी त्यांना समजावून बदलायला लावली. शोकसंदेश, आयुर्वेदिक सौंदर्यप्रसाधनं, वकिलाचं लेटरहेड, इथेही नको. या अक्षराला कुजबुजता येत नाही.

९. सगळी कॅपिटल लावू की स्मॉल? आणि अक्षरांमधलं अंतर किती?

दोन्ही चालतं पण अंतराचं गणित वेगळं. फॉन्टमधलं अंतर आधीच हिशोबाने बसवलेलं आहे, स्मॉल अक्षरांत लिहिणार असाल तर त्याला हात लावू नका. कॅपिटलमध्ये मोठं हेडिंग असेल तर किंचित घट्ट करायला हरकत नाही, पण शेजारच्या दोन अक्षरांच्या पट्ट्या टेकायच्या आत थांबा. टेकल्या की दोन अक्षरांचं एक अक्षर होतं, स्मॉल आर आणि एनचा एम होणं तर नेहमीचंच. उलट खूप फाकवलं तरी बिघडतं, कारण पट्ट्यांमुळे प्रत्येक अक्षर स्वतंत्र ठोकळा होतो आणि शब्द राहत नाही.

ए आणि व्ही, टी आणि ओ, एल आणि वाय अशा जोड्या मोठ्या साइजला हाताने तपासा. दोन ओळींचं हेडिंग असेल तर ओळींमधलं अंतर अक्षरांमधल्या अंतराच्या आसपास आणा, मधे मोठा पांढरा पट्टा राहिला की मजकूर तुटतो.

१०. वेबसाइटवर लावला तर हेडिंग शाई फुटल्यासारखं पसरट दिसतं. फॉन्ट खराब आहे का?

नाही, हा बनावट बोल्डचा घोळ आहे आणि याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. अल्फा स्लॅब वनमध्ये एकच वजन, म्हणजे एकाच जाडीचा प्रकार आहे. दिसायला ते अतिजाड असलं तरी फाइलमध्ये त्याची नोंद रेग्युलर, म्हणजे ४०० अशी आहे. आता वेबपेजवर एच-वन, एच-टू या हेडिंगना ब्राउझर आपोआप बोल्ड लावतो, त्याला बोल्डची फाइल सापडत नाही, मग तो आहे तेच अक्षर फुगवून देतो. झालं, ७ नंबरमध्ये सांगितलेली सगळी मेहनत पाण्यात, पोकळ्या बंद.

उपाय सोपा: त्या हेडिंगला फॉन्ट-वेट नॉर्मल किंवा ४०० द्या. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर फॉन्ट-सिंथेसिस नन लावा, म्हणजे खोटं बोल्ड आणि खोटं इटॅलिक दोन्ही बंद. वर्डमध्ये किंवा प्रेझेंटेशनमध्येही बोल्डचं बटण दाबू नका, तिथेही हेच होतं. इटॅलिक या फॉन्टला नाहीच, तिरकं केलेलं दिसलं तर ते सॉफ्टवेअरने ढकलून वाकवलेलं समजा.

११. यात मराठी टाइप केलं की अक्षरं एकदम बारीक आणि वेगळीच येतात. माझ्याकडे अर्धवट फॉन्ट आलाय का?

तुमचा फॉन्ट पूर्णच आहे, त्यात देवनागरी नाही. रोमन लिपी आणि व्हिएतनामी वगैरेंची चिन्हं आहेत. सॉफ्टवेअरला 'क' सापडत नाही तेव्हा ते दुसऱ्या फॉन्टमधून उसना घेतं, विंडोजवर बहुतेक निर्मला यूआय किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो. ते मजकुरासाठी काढलेले साधे फॉन्ट आहेत म्हणून बारीक दिसतात. मराठीसाठी फॉन्ट आपणच निवडून द्यायचा, कोणता ते १३ नंबरला.

१२. मग देवनागरीत स्लॅब सेरिफ का कोणी बनवत नाही? सगळ्या अक्षरांना खाली पट्ट्या लावल्या की झालं ना?

मी कागदावर हे पुष्कळ वेळा करून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोमन अक्षरं बेसलाइनवर, म्हणजे खालच्या काल्पनिक रेघेवर उभी असतात, खालची पट्टी म्हणजे त्यांचे पाय. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. त्याचा आडवा जोर आधीच वर आहे आणि तो अख्ख्या शब्दाला बांधून ठेवतो. आता 'गगन' किंवा 'पाणी' लिहा आणि प्रत्येक काना-दांडीच्या खाली जाड पट्टी लावा. पट्ट्या जवळजवळ येतात आणि खाली दुसरी शिरोरेषा तयार होते. अक्षरं दोन रुळांच्या मध्ये अडकल्यासारखी दिसतात आणि शब्दाची ओळख जाते, कारण आपण मराठी वाचताना खालचा मोकळा भाग वाचतो, वर तर सगळीकडे रेघच असते.

त्यात पुढची अडचण, दांडीच्या खालची जागा रिकामी नसतेच. तिथे पहिला-दुसरा उकार येतो, पाय मोडला तर हलन्त येतो, ऋकार येतो. पट्टी आणि उकार एकमेकांवर येतात, मग उकार खाली ढकला, मग ओळींतलं अंतर वाढवा, असं करत करत पाटीवरचं अक्षरच लहान करावं लागतं. आणि 'र', 'द', 'ट', 'ह' यांना खाली सरळ दांडीच नाही, त्यांना पट्टी लावायची कुठे? अर्ध्या अक्षरांना पाय आणि अर्ध्यांना नाही, असं होतं.

स्लॅबचा स्वभाव मात्र देवनागरीत आणता येतो. दांडीचं टोक तिरकं न कापता सपाट कापायचं, शिरोरेषा दांडीच्या मानाने जाड ठेवायची, गाठी भरीव आणि चौकोनी करायच्या, जिथे वळसा मोकळा सुटतो तिथे जड थांबा द्यायचा. निर्णयसागरसारख्या आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांनी देवनागरी खिळ्यांवर जे काम केलं त्यातून हेच शिकावं, लिपीला तिच्या अंगाने वजन द्यायचं. दुसऱ्या लिपीचे बूट तिला घालायचे नाहीत.

१३. बरं, मग अल्फा स्लॅबच्या जोडीला कोणता मराठी फॉन्ट घेऊ?

काम बघून ठरवा. गंभीर किंवा जुना बाज हवा असेल तर नोटो सेरिफ देवनागरीचं ब्लॅक वजन चांगलं बसतं, त्यात जाड-बारीक फरक आहे. एकदम ठसठशीत नाव हवं असेल तर रोझा वन बघा, पण त्याची रोमन अक्षरं फॅट फेसच्या वळणाची आहेत (५ नंबर), देवनागरीही तशीच खूप जाड आणि खूप बारीक रेघांची, त्या बारीक रेघा लहान पाटीवर गायब होतात. खेळकर काम असेल तर 'एक टाइप' या संस्थेचा बालू, तो जाड आणि गोल आहे, स्लॅबच्या चौकोनाशी त्याची जोडी विरोधातून जमते. साधं, कुठेही चालणारं हवं असेल तर मुक्ता एक्स्ट्राबोल्ड.

जोडी लावताना नावात 'सेरिफ' आहे का हे बघत बसू नका. दोन्ही शब्द शेजारी ठेवा, स्क्रीनपासून चार पावलं मागे जा, डोळे किलकिले करा. दोन्हींचा करडेपणा सारखा दिसला की जोडी जमली.

१४. दुकानाच्या पाटीवर इंग्रजी नाव अल्फा स्लॅबमध्ये आणि मराठी दुसऱ्या फॉन्टमध्ये, हे नियमात बसतं का?

फॉन्ट कोणताही वापरा, त्यावर नियम नाही. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असली पाहिजे, आणि २०२२ मध्ये कायद्यात जी सुधारणा झाली तिच्यानुसार मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही.

इथे सॉफ्टवेअरचा पॉइंट साइज फसवतो. दोन्ही १०० पॉइंट ठेवले तरी देवनागरी लहान दिसते, कारण त्या १०० मध्ये वरच्या मात्रा आणि खालचे उकार बसवायचे असतात, मूळ अक्षराला कमी जागा मिळते. म्हणून पॉइंट सोडा आणि पट्टीने मोजा: शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकी किंवा जास्त ठेवा. अल्फा स्लॅबच्या बाबतीत जास्तच ठेवा असं मी सांगेन, कारण तो इतका काळा आहे की उंची सारखी असली तरी मराठी मागे पडते. आपल्याच गावातल्या पाटीवर आपली भाषा दबलेली दिसू नये, नियम असो वा नसो.

१५. रुपयाचं चिन्ह बारीकच येतंय, किंमत विचित्र दिसते.

₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, त्यामुळे बऱ्याच फॉन्टमध्ये, किंवा तुमच्याकडच्या जुन्या फाइलमध्ये, ते नसू शकतं आणि मग ११ नंबरमधला उसनवारीचाच प्रकार होतो. आधी गूगल फॉन्ट्सवरून ताजी फाइल उतरवून बघा. तरी नाही जमलं तर चिन्ह जोडीच्या मराठी फॉन्टमधून घ्या आणि आकड्यापेक्षा थोडं लहान, वरच्या बाजूला लावा, तसं मुद्दाम केलेलं दिसतं आणि छान दिसतं. नाहीतर सरळ 'रु.' लिहा.

१६. व्हिनाइल, लेझर कटिंग, एलईडी बोर्ड, टोपीवर भरतकाम, रबरी शिक्का... सगळीकडे चालेल का?

व्हिनाइलला उत्तम, रुंद पट्ट्या आहेत, सोलताना फाटत नाही. ॲक्रिलिक लेझरमध्ये दोन गोष्टी सांभाळा: अक्षरं एकमेकांना टेकवली असतील तर कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड करून एकच आकार करा, नाहीतर आतही कट मारला जातो, आणि स्टेन्सिल करत असाल तर ए, ओ, पी यांच्या पोकळ्या गळून पडतात, त्यांना पूल ठेवावे लागतात.

एलईडीच्या पाटीत उजेड कडेबाहेर पसरतो आणि रात्री आतल्या फटी भरून जातात, तिथे अक्षरांमधलं अंतर नेहमीपेक्षा वाढवा. काळ्यावर पांढरं छापताना मात्र उलट होतं, तिथे शाईच पांढऱ्या अक्षरावर चढते. रद्दी कागदावरच्या हँडबिलात शाई पसरते म्हणून साइज मोठा ठेवा. भरतकामात अर्ध्या इंचाखाली जाऊ नका, आतल्या फटी धाग्याने बुजतात. रबरी शिक्क्याला नकोच, आठवड्याभरात पोकळ्यांमध्ये शाई बसते आणि ई, ए, ओ एकसारखे दिसायला लागतात.

१७. माझ्या स्क्रीनवर बरोबर होतं, फ्लेक्स छापून आला तर फॉन्टच वेगळा. आता?

माझ्याबरोबरही झालंय. एका कार्यक्रमाचा वीस फुटी फ्लेक्स, छापणाऱ्याने फाइल उघडली, त्याच्याकडे फॉन्ट नव्हता, कॉम्प्युटरने दुसराच लावला आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, सकाळी बांधल्यावर दिसलं. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी मजकूर कर्व्ह केल्याशिवाय मी पाठवत नाही. कर्व्ह केलं की अक्षर राहत नाही, नुसता आकार राहतो, मग फॉन्ट असो नसो. पण कर्व्ह केल्यावर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, आणि जोडीला एक जेपीजी पाठवून सांगा की असंच दिसलं पाहिजे.

१८. फुकट आहे म्हणजे धंद्यासाठी पण चालतो? लोगो बनवून ट्रेडमार्क केला तर?

चालतो. हा एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. छापा, वेबसाइटवर लावा, ॲपमध्ये घाला, पाकिटावर टाका, पैसे द्यायचे नाहीत. फक्त फॉन्टची फाइलच सुटी विकायची नाही, आणि फाइलमध्ये बदल करून पुढे वाटली तर तिलाही हेच लायसन्स ठेवायचं. फॉन्ट वापरून काढलेल्या लोगोवर हे लायसन्स लागू होत नाही, तो तुमचा. पण एक सांगतो, नुसतं नाव टाइप करून त्याला लोगो म्हणू नका, तोच फॉन्ट शेजारच्या दुकानालाही फुकट आहे. कर्व्ह करून एखादी पट्टी छाटा, दोन अक्षरं जोडा, काहीतरी स्वतःचं करा.

१९. लहान साइजमध्ये कधीच वापरायचा नाही का?

आकड्यांसाठी आणि एक-दोन अक्षरांसाठी वापरता येतो. मेनूकार्डातले पदार्थांचे नंबर, यादीतला १-२-३, नकाशावरचा ए किंवा बी. सुटं अक्षर असेल तर शेजारी भांडायला कोणी नसतं. फक्त ६ आणि ८, ३ आणि ८ यांची गल्लत होत नाही ना, ते प्रिंट काढून हातात घेऊन बघा. फोन नंबर मात्र यात लावू नका, दहा आकडे ओळीने आले की डोळा घसरतो.

२०. पेंटरकडून भिंतीवर हाताने रंगवून घ्यायचा असेल तर जमेल का?

नक्की जमेल, उलट भिंतीवर हा फार सुंदर दिसतो. चपट्या ब्रशने सरळ पट्टी ओढणं हे पेंटरचं रोजचं काम, स्लॅबला तेच लागतं. सूत मारून दोनऐवजी चार आडव्या रेघा पाडायला सांगा: वरची, खालची, आणि दोन्ही बाजूंना पट्टीची जाडी दाखवणारी एकेक. एकदा पट्टीची जाडी सगळीकडे सारखी आली की निम्मं काम झालं. प्रिंट दाखवा पण ट्रेस करायचा आग्रह धरू नका, जुन्या पेंटरला एस कसा तोलायचा ते चांगलं कळतं. सांगायचं तेवढं एकच, पोकळ्या आधी आखा आणि काळं मागून भरा, कारण भिंतीवर रंग ओघळतो आणि पहिल्यांदा बंद होते ती ईमधली फट.